गाडी तापली की क्लच बदलतो? उघडण्याआधी मोजा

घरून निघताना मोटरसायकलचा क्लच लोण्यासारखा चालतो. वीस-पंचवीस मिनिटं झाली, घाट चढला किंवा चौकात चार सिग्नल लागले, की तोच क्लच ओळख विसरतो. न्यूट्रल सापडत नाही, हँडलवरची क्लचची दांडी पूर्ण दाबली तरी गाडी पुढे रेटते, नाहीतर गिअरमध्ये जोर दिला की इंजिन ओरडतं आणि चाक मात्र आपल्याच तालात. संध्याकाळी गॅरेजला सोडावी तर मेस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो. तेव्हा गाडी थंडगार, क्लच टकाटक. "काही नाही हो, वायर जरा ताणून दिली." आपण पैसे देऊन निघतो आणि कोल्हापूरच्या तावडे हॉटेल चौकात पुन्हा तेच.

माझी गाडी यामाहाची आरएक्स १००, ९८ सीसीची टू-स्ट्रोक. १९८५ ते १९९६ या काळात विकली गेली आणि कोल्हापुरात अजून रिटायर व्हायला तयार नाही. ब्लॉकचं पोर्टिंग केलं, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा घासून मोठ्या केल्या, ताकद वाढली, मूळ क्लच घसरायला लागला. म्हणून कडक स्प्रिंगा आणि बाजारातल्या नव्या जातीच्या क्लच प्लेटा टाकल्या. घसरणं थांबलं, पण पन्हाळा चढून वर गेलं की न्यूट्रल गायब. तीन महिने मी हा खेळ खेळलो. त्यातून जी तपासणीची पद्धत हाताला बसली ती इथे लिहितोय. उदाहरण आरएक्सचं असलं, तरी ऑइलमध्ये बुडालेला आणि वायरने ओढायचा क्लच असलेल्या कुठल्याही मोटरसायकलला ती लागू पडते. कारचा कोरडा क्लच हे वेगळं प्रकरण आहे, ते इथे नाही.

एक शब्दांचा घोळ आधी सोडवू. स्पेअरच्या दुकानात बऱ्याचदा 'प्रेशर प्लेट' म्हणून मधल्या साध्या स्टीलच्या चकत्या देतात. मी त्यांना स्टील प्लेट म्हणतोय, अस्तर असलेलीला क्लच प्लेट आणि स्प्रिंगा जिच्यावर बसतात त्या वरच्या थाळीला दाबप्लेट.

तक्रार नेमकी कोणती?

"गरम झाल्यावर क्लच प्रॉब्लेम देतो" एवढं सांगून काही कळत नाही. दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. एक, क्लच सुटत नाही: दांडी दाबूनही प्लेटा चिकटून राहतात, गिअर खाडकन पडतो, न्यूट्रल लागत नाही. दुसरी, क्लच धरत नाही: दांडी सोडलेली असताना प्लेटा घसरतात. पहिलीवर वायर ताणणं हा उपाय असू शकतो. दुसरीवर तीच वायर ताणली तर क्लच जळेल.

थंड असतानाच सुटत नाही आणि तापल्यावर सुधारतो, हाही एक प्रकार आहे, पण त्याची फार काळजी करू नका. रात्रभरात ऑइल घट्ट होतं आणि प्लेटांच्या मधे चिकटपणा राहतो. इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाका, दांडी दाबा आणि गाडी चार वेळा पुढे-मागे हलवा. प्लेटा सुटतात. ऑइल लेव्हलपेक्षा जास्त भरलं असेल किंवा फार जाड ग्रेडचं असेल तर हा त्रास वाढतो.

आणखी एक चकवा. तापल्यावर आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग, चढलं असेल तरी पहिला गिअर खाडकन पडतो, गाडी पुढे झेपावते आणि आपण क्लचला शिव्या घालतो. आधी गरम इंजिनवर आयडलिंग हँडबुकाप्रमाणे लावा. माझ्या ओळखीच्या दोन गाड्या तेवढ्यावरच बऱ्या झाल्या.

मुळात गरमीने बदलतं काय?

हे समजलं की पुढची अर्धी कामं सोपी होतात, म्हणून थोडं आकड्यांत बसू.

आरएक्ससारख्या रचनेत वायर एका आर्मला ओढते, आर्म एका लांब पुशरॉडला ढकलतो आणि रॉड पलीकडे जाऊन दाबप्लेट उचलतो. रॉड पोलादी, इंजिनची केस अ‍ॅल्युमिनियमची. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. १५० मिमी लांबी धरा आणि तापमान ६० अंशांनी वाढलं समजा: केस साधारण ०.२ मिमी वाढते, रॉड ०.१ मिमी. म्हणजे रॉड त्याच्या घरात ०.१ मिमी आखूड पडला. त्यात तापलेल्या प्लेटांची चळत किंचित फुगली की दाबप्लेट अजून लांब जाते. दोन्हीचा परिणाम एकच, प्ले वाढतो, म्हणजे जोर लागण्याआधी दांडी जेवढी सैल हलते तो भाग.

०.१ मिमी म्हणजे कागदाच्या जाडीएवढं. पण आर्म आणि दांडी मिळून हालचाल तीसेक पट मोठी होत असते, म्हणून हाताशी तेच तीन मिमी होऊन दिसतं.

आता दुसरी बाजू बघा. दाबप्लेट उचलते ती जेमतेम दीड मिमी. पाच क्लच प्लेटा असतील तर घासणाऱ्या बाजू दहा. म्हणजे प्रत्येक फटीच्या वाट्याला ०.१५ मिमी. कोणी हौसेने सहावी प्लेट कोंबली तर बाजू बारा आणि वाटा ०.१२५ वर येतो. कंपनीने ठेवलेली ही शिल्लक मुळातच तुटपुंजी. कडक स्प्रिंगांनी वायर, आर्म, रॉड सगळं थोडं जास्त दबतं आणि त्यातून आणखी काही जातं. थंड गाडीत उरलेल्यावर भागतं, गरम झाली की खिशात काही उरत नाही. कडक केलेला क्लच सकाळी चांगला आणि दुपारी वाईट का, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

सगळ्याच गाड्यांत प्ले वाढतो असं नाही. रचना वेगळी असेल तर तो कमीही होतो आणि मग तापल्यावर क्लच घसरतो. म्हणून अंदाज बांधू नका, मोजा.

पहिलं मोजमाप: दांडीचा प्ले, थंड आणि गरम

पट्टी दांडीच्या टोकाशी धरा. दांडी बोटाने अलगद ओढा, जोर लागायला सुरुवात होईपर्यंत टोक किती हललं ते लिहा. बऱ्याच गाड्यांना १० ते १५ मिमी सांगितलेलं असतं, आपलं हँडबुक बघा. आता अर्धा तास गाडी चालवा, शक्यतो ज्या रस्त्यावर त्रास होतो त्याच रस्त्यावर. थांबल्या जागी, इंजिन बंद करून लगेच पुन्हा मोजा. घरी येऊन चहा पिऊन मोजलंत तर ते मोजमाप फुकट.

दोन-चार मिमी वाढ स्वाभाविक आहे. अशा गाडीत थंड असताना प्ले हँडबुकातल्या कमी आकड्याला लावायचा. शून्याला मात्र कधीच नाही. प्ले उरला नाही तर रॉड दाबप्लेटवर कायम रेलून राहतो, प्लेटा अर्धवट घसरतात, तापतात, आणि आपण सुटण्याचा प्रश्न सोडवायला जाऊन घसरण्याचा विकत घेतो. तापल्यावर प्ले कमी होणारी गाडी असेल तर उलट, थंड असताना वरच्या आकड्याला लावा.

दुसरं मोजमाप: आर्म किती हलतो

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझा प्रश्न यानेच सुटला.

वायरचं खालचं टोक इंजिनजवळ ज्या आर्मला अडकतं तिथे पट्टी धरा. दुसऱ्याला दांडी हळूहळू पूर्ण दाबायला सांगा. सैलपणा संपल्यापासून शेवटपर्यंत आर्मचं टोक किती सरकलं ते लिहा. हेच गरम गाडीवर. सायलेन्सर आणि सिलिंडर यांच्यापासून हात सांभाळा, इंजिन बंदच ठेवा.

माझ्या गाडीत थंड असताना १० मिमी आलं. पन्हाळ्यावर, तीन दरवाजाजवळ गाडी लावून, मित्राला दांडी दाबायला लावून मोजलं तर ८. दांडी हँडलला टेकत होती, पण खाली दोन मिमी पोचतच नव्हते. दाबप्लेटच्या हिशोबात ते ०.३ मिमी झाले, म्हणजे दोन फटींचा वाटा गायब.

याचा अर्थ सरळ आहे. आर्मची हालचाल गरम झाल्यावर कमी होत असेल तर चोर बाहेर आहे: वायर, तिचं आवरण, दांडीची पिन. आर्म थंड-गरम सारखाच हलतोय आणि तरी क्लच सुटत नाही, तर चोर झाकणाच्या आत. एवढं कळलं की उगाच इंजिनचं कव्हर उघडायची पाळी येत नाही.

वायर तपासताना टाकी काढा आणि तिचा पूर्ण मार्ग डोळ्याने बघा. मी टाकी बसवताना वायर सिलिंडरच्या पंखांना टेकवून ठेवली होती. आवरणाचं प्लॅस्टिक तिथे चकाकत होतं, बोटाने दाबलं तर मऊ. तापलं की आवरण नरम पडायचं आणि कडक स्प्रिंगांच्या ताणाखाली स्प्रिंगसारखं आखडायचं. चूक सर्वस्वी माझी. तीन महिने मी प्लेट बनवणाऱ्याला दोष देत होतो.

नवी वायर घेताना आवरण जाड आणि दबायला कठीण आहे का ते हातात धरून बघा, स्वस्तातली घेऊ नका. वळणं मोठी ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून प्ले बदलत नाही ना ते बघा. दांडीची पिन आणि भोक झिजलेलं असेल तर तिथेही मिमीभर जातो. कडक स्प्रिंगा टाकल्यावर जुनीच वायर चालू ठेवणं म्हणजे नव्या बैलांना जुनं जू.

अ‍ॅडजस्ट करण्याचा क्रम

बहुतेक जण दांडीजवळचा अ‍ॅडजस्टर फिरवतात आणि थांबतात. पण आतमध्ये रॉडचा स्वतःचा एक स्क्रू असतो. काही गाड्यांत तो बाहेरच्या छोट्या झाकणाखाली, काहींत थेट दाबप्लेटच्या मध्यावर. क्रम असा: आधी वायर दोन्हीकडून पूर्ण सैल. मग आतल्या स्क्रूचा लॉकनट ढिला करून स्क्रू हलकेच आत, टेकल्याचं बोटाला जाणवेपर्यंत. तिथून साधारण पाव फेरा मागे, किंवा हँडबुक सांगेल तेवढा. स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळा. शेवटी वायरने प्ले लावा. आतला स्क्रू चुकीचा असेल तर आर्म वाकड्या कोनातून ओढायला लागतो. मग वायर कितीही ताणा, उचल पुरी मिळत नाही.

हायड्रॉलिक क्लच असेल तर वायरचा भाग सोडा. तिथे तापल्यावर दांडी पोकळ लागली की आधी हवा आणि जुनं, पाणी शोषलेलं फ्लुइड यांच्यावर संशय घ्यायचा.

ऑइल: विशेषतः घसरत असेल तर

थंड ऑइल दाट, गरम ऑइल पातळ. घर्षण कमी करणारी रसायनं असलेलं ऑइल गाडी थंड असताना फसवून नेतं आणि तापल्यावर प्लेटा घसरवतं. डबा फिरवून मागे बघा. जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. एमए२ सगळ्यात जास्त पकड देणारं. एमबी हे बहुतेक गिअरलेस स्कूटरसाठी, ते नको. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या गोल शिक्क्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' असे शब्द असलेलं कारचं ऑइल ओल्या क्लचमध्ये घालू नये. "घरात कारचं उरलंय, गिअरबॉक्सला काय कळतंय" हे वाक्य मी फार ऐकलंय. इंजिन गुळगुळीत करणारी वरून ओतायची औषधंही तशीच.

चुकीचं ऑइल गेलंच असेल तर गाडी गरम असताना काढा, योग्य ऑइल भरा, दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा बदला. अस्तरात मुरलेलं एका फेऱ्यात निघत नाही. काढलेलं ऑइल फेकण्याआधी नाकाशी न्या आणि उजेडात बघा. जळका वास आणि काळसर गाळ असेल तर अस्तर भाजलंय. ड्रेन बोल्टला चमचमता पोलादी चुरा असेल तर मामला क्लचपुरता नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांना सोय अशी की गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि थोडकं असतं, दोनदा बदलणं परवडतं. आजकालच्या बहुतेक फोर-स्ट्रोकमध्ये तेच ऑइल इंजिनलाही जातं. ते जास्त तापतं, म्हणून तिथे ही तक्रार जास्त ठळक दिसते.

घसरतोय की नाही याची खात्री मोकळ्या सरळ रस्त्यावर करा. गाडी पूर्ण तापवून वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास धरा आणि एकदम थ्रॉटल द्या. आवाज चढला पण गाडी त्या प्रमाणात उचलली नाही, तर घसरतोय. चाचणी दोन वेळा पुरे. ब्रेक दाबून क्लचवर जोर काढत बसू नका, चांगल्या प्लेटाही जळतील.

मग आत

बाहेरचं सगळं ठीक निघालं तरच कव्हर उघडा. गाडी पूर्ण थंड, ऑइल काढलेलं, नवं गॅस्केट हाताशी. स्प्रिंगांचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा. प्लेटा ज्या क्रमाने, ज्या बाजूने निघतील तशाच वर्तमानपत्रावर ओळीत मांडा आणि मोबाइलने फोटो काढा.

सगळ्यात आधी स्टील प्लेटा. जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर एकेक प्लेट ठेवा आणि कडेने फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं) घालून बघा. किती वाक चालतो ते गाडीप्रमाणे बदलतं, पण ते ०.०५ ते ०.२ मिमी अशा पट्ट्यातलं असतं. माझ्या दोन प्लेटांखाली ०.३ चं पान सहज गेलं. उरलेल्या फटींतून दोन वाकड्या प्लेटांनी ०.६ मिमी खाल्ले, म्हणजे नव्या वायरनेही पूर्ण भागलं नसतं. निळसर डाग असलेली प्लेट तापून गेलेली आहे, ती सरळ दिसली तरी बदला. ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका.

पंच केलेल्या स्टील प्लेटची एक कड गोल आणि दुसरी धारदार असते. बोट फिरवून ओळखा आणि सगळ्या एकाच दिशेने बसवा.

क्लच प्लेटा बघताना अस्तर आरशासारखं झालंय का बघा आणि प्रत्येकीची जाडी व्हर्नियरने मोजा. बाजारच्या सेटमध्ये इथेच गंमत असते. प्रत्येक प्लेट ०.१ मिमीने जाड असेल तर पाचांची चळत अर्ध्या मिमीने उंच होते. स्प्रिंगा जास्त दबतात, दांडी जड होते आणि रॉडचं अ‍ॅडजस्टमेंट पार बिघडतं.

मग क्लच हाउसिंगची, म्हणजे प्लेटा ज्या टोपलीत बसतात तिची, बोटं. प्लेटांच्या कानांनी तिथे खाचा पाडलेल्या असतात. नखाला अडकतील एवढ्या असतील तर प्लेट तिथे अडते, सरकत नाही, आणि सुटणं अर्धवट राहतं. हलक्या खाचा बारीक कानशीने सपाट करता येतात. खोल असतील तर हाउसिंग बदलणं बरं, कारण घासून घासून कान आणि बोट यांत जागा वाढते आणि खडखडाट सुरू होतो.

पुशरॉड काचेवर गडगडवा, वाकडा असेल तर लगेच दिसतो. त्याची टोकं मशरूमसारखी पसरलेली किंवा मधली गोळी चपटी झालेली नको. कडक स्प्रिंगांखाली हेच भाग आधी बसतात. स्प्रिंगांची मोकळी लांबी सगळ्यांची सारखी हवी. एखादी मिमीभर आखूड असली तर दाबप्लेट तिरकी उचलते, आणि तिरकी उचललेली प्लेट एका बाजूला घासतच राहते.

आता कडक स्प्रिंगांबद्दल माझं प्रामाणिक मत. गरज नसताना लोक त्या टाकतात. चांगल्या नव्या क्लच प्लेटा, योग्य ऑइल आणि मूळ स्प्रिंगा एवढ्यावर थोडं पोर्टिंग केलेली गाडी बहुतेक निभावते. आधी ते करून बघा. तरी घसरला तर समोरासमोरच्या जोडीपुरत्या कडक आणि बाकी मूळ, असा मध्यम मार्ग आहे. मात्र स्प्रिंगांची संख्या सम असेल तरच. मी शेवटी तेच केलं आणि डाव्या मनगटाचं दुखणंही थांबलं.

बसवताना नव्या क्लच प्लेटा गाडीतल्याच ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या दहा किलोमीटरमध्येच अस्तर भाजतं. स्क्रू पुन्हा समोरासमोर, थोडे थोडे. ते लहान असतात, लांब पान्याचा जोर लावला की दाबप्लेटमागचे खुंट तुटतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

पहिले तीनशे किलोमीटर जपून चालवा, सिग्नलला क्लच दाबून गिअरमध्ये उभं राहू नका. त्यानंतर प्ले पुन्हा मोजा, कारण नवं अस्तर बसलं की तो कमी होतो.

माझ्या टाकीखाली आता एक कागदी पट्टी चिकटवलेली आहे. प्ले: थंड १०, गरम १३. आर्म: थंड १०, गरम १०. खाली वायर बदलल्याची तारीख. परवा गॅरेजमधल्या पोराने ती वाचली आणि मला विचारलं, "काका, शुगरचे आकडे आहेत का?"